निळ्या भिंतीपुढचा फोटो

आमच्या ह्यांचा मोबाइल त्या दिवशी चार्जिंगला लावलेला होता आणि हे मागे कुळागरात, पोफळींच्या बागेत, गेले होते, म्हणून तो मी उचलला. नाहीतर दुसऱ्याचा फोन उचलायची मला सवय नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो.

"काका, फ्रेम जाली. कधी येतात न्हेवूक?" पलीकडून आवाज आला.

"कसली फ्रेम?" मी विचारलं.

पलीकडच्याने आवाज एकदम उतरवला. मग म्हणाला, "काकी काय? मी जयराम, धारगळचो स्टुडियोवालो. घाई काय नाय. काकांक सांगा सवडीन येवंदे." आणि फोन ठेवलासुद्धा.

आता मला सांगा, घरात लग्न नाही, बारसं नाही, फ्रेम कसली? आणि माझा आवाज ऐकल्यावर त्या मेल्याने आपला आवाज का उतरवला? मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती चवथीपासूनच चुकचुकत होती, त्या दिवशी समोर दिसली इतकंच.

मी पद्मावती, हळर्णची. आमचे हे, गोकुळदास, बांधकाम खात्यातून रिटायर होऊन घरी बसलेले. मुलगा प्रज्योत मस्कतला नोकरीला. गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. गोकुळदासाची बायको म्हणजे तोंडाळ, तिच्या वाटेला जाऊ नका. बरोबरच बोलतात. मी मनात ठेवून कुढणारी बाई नव्हे. जे काय ते तोंडावर.

तर चवथीची गोष्ट. प्रज्योत गेल्या सुट्टीला आला तेव्हा भला महाग कॅमेरा घेऊन आला आणि जाताना इथेच ठेवून गेला. "आई, चवथीक माटोळीचे फोटो काडून धाड," म्हणाला. मी तो कपाटात साड्यांच्या मागे जपून ठेवला. चवथीच्या दिवशी गणपतीच्या डोक्यावरची फळा-सुपाऱ्यांची माटोळी बांधून झाली, गणपती बसला, मी कपाट उघडलं आणि कॅमेरा नाही! खोका होता, वर कपाटाच्या माथ्यावर, पण कॅमेरा नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणाला विचारणार? मी सगळ्यांच्या देखत बोंब मारली. ह्यांना विचारलं, तर हे माटोळीतली सुपारी नीट करत राहिले.

संशय मला एकाच घरावर होता. आमच्या कुळागरात महादेव आणि सुशीला राहतात. दोडामार्गकडची माणसं, दहाएक वर्षं झाली असतील. महादेव पोफळींचं बघतो, सुशीला माझ्याकडे वरकामाला यायची. त्यांची मुलगी कोमल कॉलेजात जाते. प्रज्योत सुट्टीवर होता तेव्हा ह्याच पोरीने तो कॅमेरा हातात घेऊन बघितला होता, आणि प्रज्योत तिला बटणं समजावून सांगत होता. आणि चवथीच्या आधी घर झाडायला सुशीलेबरोबर तीच आलेली. आणखी काय पाहिजे?

मी सुशीलेला चोर म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून भांडी घासायला येऊ नको म्हणून सांगितलं. तिने "बरां, बाय" म्हटलं आणि गेली. कारण विचारलं नाही. बघा, कारणसुद्धा विचारलं नाही, मी ह्यांना म्हटलं. मन खात असल्याशिवाय माणूस असं गप्प जातं का?

गणपती पोचवला आणि मी रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवला. आमच्याकडे वस्तू हरवली की पोलिसांकडे कुणी जात नाही, देवाला गाऱ्हाणं घालतात. दत्ताराम गावकर गाऱ्हाणं घालतो. त्याची आपली सवय, चोराला बुद्धी दे, वस्तू परत येऊ दे, असं गोड गोड बोलायची. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, दत्ताराम, असलं मिळमिळीत नको. मी सांगते तसं म्हण.

"बा देवा म्हाराजा!" दत्तारामाने सुरू केलं.

"होय म्हाराजा!" सगळे पुरुष म्हणाले.

"ह्या पद्मावतीच्या घरातली वस्तू जेणी कोणी न्हेली आसात, तेच्या गळ्याखाली घास उतरां नको!"

"होय म्हाराजा!"

"तेका आपसूक तुझ्या पायरेर हाड!"

"होय म्हाराजा!"

आमचे हे खांबाजवळ हात जोडून उभे होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही होय म्हाराजा म्हटलं. मी ऐकलं ना, माझ्या ह्याच कानांनी ऐकलं.

आता पुढचं ऐका. चवथीनंतर ह्यांचं जेवण बदललं. तसं आधीपासून थोडं कमी झालेलं, पण माझं लक्ष नव्हतं. माशाची आमटी म्हणजे जीव की प्राण, घरात मासळी नसली तर तोंड वाकडं करणारा माणूस, तो इसवणाची तुकडी तशीच ताटात ठेवून उठायला लागला. पोदेराकडचा उंडो पाव सकाळी चहात बुडवून अर्धा खायचा, अर्धा मांजराला. "भूक नाय गो." भूक नाही, आणि रोज अकरा वाजून गेले की छत्री घेऊन कुळागरात, ते दुपार उलटल्यावर परत. आणि परत येताना तोंड कसं? जेवून आलेल्या माणसाचं तोंड मला कळतं. इतकी वर्षं वाढलंय मी.

शिवाय दर गुरुवारी डिचोलीची बस. "पेन्शनीचां काम आसा." अहो, पेन्शनीचं काम असून असून किती असेल? एकदा मी शर्ट धुवायला घेतला तर खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट. विचारलं, तर म्हणे आम्लपित्त. आम्लपित्ताला डिचोलीला जावं लागतं का? पेडण्यात डॉक्टर मेले?

मी सरळच सांगते मला काय वाटलं. डिचोलीला कोणीतरी आहे असं वाटलं. हसू नका. साठीच्या पुढच्या माणसांचं काय काय ऐकलंय मी. घरचं अन्न नको झालं म्हणजे दुसरीकडे कुणीतरी रांधतंय, एवढं मला कळतं.

त्यात हा जयरामाचा फोन. मी लगेच गौरवीला हाक मारली. गौरवी माझ्या दिराची मुलगी, शेजारच्याच घरात राहते, कॉम्प्युटरचं शिकते. तिच्या स्कूटरवर मागे बसले आणि गेलो धारगळला.

जयरामाने मला दारात बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "काका नाय इले?"

"काका नाय, काकी इली. हाड ती फ्रेम."

त्याने कागदात बांधलेली मोठी फ्रेम काढली. मी तिथेच कागद फाडला. आत आमचे हे. एकटे. छातीपर्यंतचा फोटो, पांढरा शर्ट, केस विंचरलेले, मागे निळी भिंत. आणि हसतायत! दात दिसेपर्यंत हसतायत, डोळे बारीक झालेत. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये हा माणूस एका फोटोत हसलेला नाही, पोलीस ठाण्यात बसवल्यासारखा बसलाय. प्रज्योताच्या बारशाला नाही, बढतीच्या सत्काराला नाही. हे हसणं मी कधी बघितलंच नव्हतं. कुणासाठी हसले होते?

फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांत पितळेचे दोन छोटे हूक होते. "हे कित्याक?" मी विचारलं.

"काकांनीच सांगलां लाव म्हणून," जयराम खाली बघत म्हणाला.

गौरवीने माझा दंड धरला. पण मला त्या हुकांचं काय पडलं होतं? माझं सगळं लक्ष त्या हसण्यात.

"फोटो कोणी काडलो?" मी विचारलं. "तू?"

"नाय नाय. काकांनी कार्ड हाडून दिलां. मी फक्त छापलो." त्याने ते कॅमेऱ्याचं कार्ड पाकिटात घालून दिलं. "हां तेवढां काकांकच द्या, काकी."

ह्यांना कसली देतेय! घरी आल्या आल्या गौरवीला ते लॅपटॉपला लावायला सांगितलं. कार्डावर तीनच फोटो होते. एकात ह्यांचे डोळे मिटलेले. एक हललेला, आणि त्याच्या कडेला एक हात, बाईचा. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि तो हात आमच्या ह्यांच्या शर्टाची कॉलर सारखी करतोय. तिसरा तो हसरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या सासऱ्यांचा फोटो आहे ना ओटीवर, तो असाच. ते वारले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तेवढे कापून मोठे करून घेतले, तर खांद्यावर कुणा परक्याचा हात राहिला तो राहिलाच. हे दर श्राद्धाला त्या हाताकडे बघून म्हणायचे, हो हात कोणाचो काय माहीत. आता त्यांच्या स्वतःच्या फोटोतही हात! पण हा हात बाईचा होता आणि बांगड्या भरलेला होता.

"काकी," गौरवी म्हणाली, "फोटोच्या आत लिवलेलां आसता. खंयच्या कॅमेऱ्यान काडलो, कधी काडलो, सगळां. बघया?" तिने काहीतरी दाबलं, पडद्यावर ओळी आल्या. कॅमेऱ्याचं नाव, आणि खाली त्याचा नंबर. "काकी, खोको हाड गो."

मी स्टुलावर चढून खोका काढला. खोक्यावरचा नंबर गौरवीने वाचला, पडद्यावरचा मी वाचला. एकेक आकडा तोच.

आमचाच कॅमेरा! माझ्या कपाटातला, माझ्या साड्यांमागचा कॅमेरा, ज्याच्यासाठी मी सगळ्या गावासमोर नारळ ठेवला, त्याच्यापुढे माझा नवरा बसून हसतोय, आणि कोणीतरी बांगड्यावाली त्याची कॉलर सारखी करतेय.

"तारीख काय?"

"सोळा ऑगस्ट. सकाळचे दहा."

म्हणजे चवथीच्या आधीच. म्हणजे मी कपाट उघडून बोंब मारली तेव्हा हे सुपारी नीट करत होते ते सगळं माहीत असून. पण थांबा, सकाळचे दहा? दहा वाजता हे रोज माझ्या डोळ्यांसमोर मेजावर पेपर वाचत असतात. अकराच्या आधी उंबरा ओलांडत नाहीत. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी तर प्रज्योताचा फोन आलेला दहाला, आम्ही दोघंही बोललो होतो.

"म्हणजे तारीख खोटी," मी म्हटलं. "लपवूक बदललेली."

"कॅमेरो कसो खोटां सांगतलो, काकी?" गौरवी म्हणाली, पण तिलाही कोडं पडलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्या फ्रेमच्या हुकांकडे बघत होती. "काकी, तू काकांक नीट विचार. भांडू नको."

भांडू नको म्हणे. मी त्या रात्री एक शब्द बोलले नाही. फ्रेम माझ्या पलंगाखाली सरकवली आणि गप्प झोपले. ह्यांनी दोनदा विचारलं, "बरां नाय काय गो?" मी भिंतीकडे तोंड केलं. मी गप्प बसते तेव्हा ह्यांना जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर ह्यांनी छत्री घेतली. थोड्या वेळाने मीही निघाले, मागच्या दाराने. मला वाटलं होतं हे कुळागरातून पलीकडे उतरतील आणि रस्ता धरतील. पण हे रस्त्याकडे वळलेच नाहीत. पाटाच्या कडेने चालत गेले आणि महादेवाच्या खोलीत शिरले.

महादेवाची खोली! कॅमेरा नेलेल्या घरात! म्हणजे सगळे एकच, चोरही हे आणि साथीदारही हे. मी तरातरा गेले आणि दार ढकललं.

आणि समोर निळी भिंत.

आत कधी मी पाऊल टाकलं नव्हतं. इतकी वर्षं ती माणसं आमच्या जागेत राहतात, आणि मी दाराबाहेरून हाक मारायची, सुशीला बाहेर यायची. त्यांनी आतून भिंतीला निळा रंग लावलाय हे मला माहीतच नव्हतं. जनेलाला जुन्या साडीचा पडदा. तिथे स्टुलावर आमचे हे बसलेले, हातात पेजेची वाटी. सुशीला चुलीजवळ. तिच्या हातात हिरव्या बांगड्या. कोमल कोपऱ्यात पुस्तक घेऊन.

मी तोंड उघडलं. काय काय बोलणार होते ते सगळं जिभेवर होतं. पण त्याच वेळी ह्यांनी तोंडात घेतलेली पेज गिळली. म्हणजे गिळायला लागले. डोळे मिटले, मान पुढे केली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, हात स्टुलावर दाबला. पातळ पेज, भाताचं शीत त्यात दिसतसुद्धा नव्हतं. ती खाली उतरायला एवढा वेळ लागला की मी दारात उभी राहून बघत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि मी दिसले.

"पद्मा," हे म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"श्रावणाच्या आदीपासून. डिचोलीच्या डॉक्टरान नळी घालून बघितलां. गाठ आसा म्हणता. तुळशीचा लगीन जाल्यार बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन."

मला ते हूक आठवले. हार घालायचे हूक. मी खाली जमिनीवर बसले. सुशीलेने चटई पुढे केली ती मी बघितली नाही.

"आणि मेल्यान फोटो काडून ठेवलो!" मी ओरडले. नवऱ्याला मेल्या म्हटलं, सुशीलेसमोर. "स्वतःचो फोटो! हारासकट तयारी!"

"बाबांसारखो परक्याचो हात नको होतो," हे म्हणाले. "बारीक होवच्या आदी एक बरो फोटो काडूया म्हटलंय. घरात काडलो आसतो तर तू विचारलं आसतंस. कोमलाक कॅमेरो येता. दोन दिसांनी परत ठेवतलंय म्हणून हाडलेलो."

"मग ठेवक नाय कित्याक? चवथीक मी बोंब मारी तवसर?"

"चवथ जावंदे, मग सगळांच सांगूया म्हटलंय. आजार पण, कॅमेरो पण." हे वाटीकडे बघत होते. "चवथ जाली आणि तू नारळ ठेवलंस."

तेच्या गळ्याखाली घास उतरां नको. माझे शब्द. दत्ताराम गोड बोलत होता, मी त्याला बाजूला घेऊन शिकवले होते. आणि खांबाजवळ उभं राहून ह्या माणसाने होय म्हाराजा म्हटलं होतं, कारण न म्हणावं तर मी बघितलं असतं. त्यानंतर कॅमेरा मी नेला असं हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी जन्मभर म्हटलं असतं, माझ्याच वाचेने झालं. ते मला कळू नये म्हणून हा माणूस महिना दोन महिने माझ्यासमोर इसवणाची तुकडी टाकून उठत होता.

मी सुशीलेकडे वळले. दुसरीकडे वळायला जागाच नव्हती. "तुका सगळां माहीत होतां? आणि मी तुका चोर म्हटलंय तरी गप रवलंस?"

"काकांनी देवाची आण घातलेली, बाय," ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आणि चोर तुमी म्हणूक नाय. भांडी घासूक येव नको, इतक्यांच म्हटलास."

कोमल पुस्तकातून वर बघत नव्हती.

पण माझा स्वभाव कुठे जातो! थोडा वेळ गेला आणि मला नवीनच शंका आली. हे म्हणतायत आजार आधीचा, नारळ नंतरचा. पण हे तर म्हणणारच! मला बरं वाटावं म्हणून हा माणूस काहीही सांगेल. आजार नारळाच्या नंतर आला असेल आणि मला फसवत असतील तर?

"खोटां सांगतात तुमी," मी म्हटलं.

"फोटोची तारीख बघ. फोटो काडलो तेव्हा माका म्हायत होतां."

"बघितली तारीख! सकाळचे दहा म्हणता. सोळा ऑगस्टाक दहाक तुमी माझ्यासमोर प्रज्योताकडे बोलत होतात. वेळ खोटी, तर तारीख खरी कशावरून?"

ह्यांनी बोटांवर वेळ मोजून बघितली, ती जुळेना. मला ती तारीख खरी पाहिजे होती. आयुष्यात मला कुठली गोष्ट एवढी पाहिजे झाली नसेल.

मी कोमलला म्हटलं, "धाव, गौरवीक हाड. लॅपटॉप आणि तां कार्ड घेवन ये म्हण." आणि कॅमेरा काढायला लावला. सुशीलेने ट्रंकेतून काढला, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला. माझ्या साड्यांमागे होता त्याहून जपून ठेवलेला.

गौरवी आली. सगळं ऐकून तिने डोळे पुसले आणि मग कामाला लागली. "एक फोटो आता काड," ती कोमलला म्हणाली. "मग बघया कॅमेऱ्याचां घड्याळ काय म्हणता."

कोमलने कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा उचलला. आम्ही दोघं त्या निळ्या भिंतीपुढे. मी जमिनीवर, हे स्टुलावर, माझे डोळे सुजलेले.

"त्या दिसा काका हसतच नाय होते," कोमल हळूच म्हणाली. "मग मी म्हटलां, काका, काकी इली! तेव्हा हसले."

मला हसू आलं. रडताना आलं, म्हणून नाकातून विचित्र आवाज निघाला, आणि तिने बटण दाबलं.

गौरवीने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजलेले. पडद्यावर आजचीच तारीख. आणि वेळ, अकरा.

"दीड तास मागे," गौरवी पुटपुटली. मग एकदम म्हणाली, "काकी! मस्कत! प्रज्योतदादान थंयचो वेळ लावलेलो, तो कोणी बदलूकच नाय. थंय आमच्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे तो फोटो दहाचो न्हय, साडेअकराचो."

साडेअकरा. प्रज्योताचा फोन झाल्यावर, छत्री घेऊन गेल्यावर. सगळं जुळलं. तारीख खरी. गाठ नारळाच्या आधीची. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच क्षणी मला स्वतःची घाण वाटली. नवरा पेजेचा घोट गिळू शकत नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं! पण वाटलं, ते खरंच आहे. खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर मी पलंगाखालून फ्रेम काढली आणि पक्कड घेऊन दोन्ही हूक उपटले. लाकूड थोडं फाटलं. फाटू दे. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आसूंदी गो, उपयोगाक येतले."

"गप बसा!" मी म्हटलं. संध्याकाळी प्रज्योतला फोन करून सगळं सांगितलं. बांबोळीला पहिल्या दिवसापासून मी बरोबर असणार, हेही सांगून टाकलं. पेज आता माझ्या घरी शिजते, सुशीलेने शिकवली तशी. मी करते ती ह्यांना घट्ट वाटते, म्हणून ती रोज येऊन बघून जाते.

पण एक राहिलंच होतं. गाठ आधीची असेल, पण देवापुढे घातलेले शब्द तसेच होते, ते काढल्याशिवाय मला चैन नव्हतं. मी दत्तारामाकडे गेले. तो म्हणाला, "गाऱ्हाणां माघारी घेवचां तर रीत आसा. वस्तू देवाक दाखवची. न्हेल्लो माणूस पायरेर उभो रवाक होयो. आणि तू जेचो वायट संशय घेतलंस, तांकाय बोलावक होयां. तेंनी मनापासून होय म्हाराजा म्हटलां नाय, तर शब्द सुटाचे नाय."

सोमवारी गेलो. कॅमेरा पंच्यात गुंडाळून पायरीवर ठेवला. हे पायरीवर उभे राहिले, त्याच खांबाजवळ. गळ्याला मफलर. गावातले थोडे पुरुष आले होते. सुशीलेला मी स्वतः जाऊन बोलावलं होतं, तिच्या घरात आत बसून. ती आली होती, पण कुठे उभी होती ते मला दिसत नव्हतं, बायका मागे असतात. आणि आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका तोंड उघडत नाहीत, होय म्हाराजा म्हणायचं ते पुरुषांनी. मग ती मनापासून म्हणाली की नाही, हे मला कळणार कसं? मी नारळ धरून उभी होते आणि तेवढाच विचार करत होते. मी तिच्या जागी असते तर म्हटलं नसतं. सरळ सांगते, नसतं म्हटलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या पद्मावतीची वस्तू गावली!"

"होय म्हाराजा!" ह्यांचा खरखरीत आवाज त्यात मला वेगळा ऐकू आला.

"तिणां रागाच्या भरान जे शब्द तुझ्यापुढे घातलेले, ते तिका माघारी दी, आणि ह्या गोकुळदासाच्या गळ्याखाली..."

"होय म्हाराजा!"

दत्तारामाचं वाक्य पुरं झालंच नव्हतं. आवाज मागून आला, बाईचा, मोठ्याने, आणि त्याबरोबर बांगड्या वाजल्या. पुरुष वळून बघायला लागले. दत्तारामानेही मागे बघितलं, आणि मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाला.

या वेळी सुशीलेबरोबर मीही म्हटलं.